तुमचं देवक काय?

भाचीचा फोन आला तेव्हा मी एका ब्लाउजची बाही उसवत बसले होते. महाडला एसटी स्टँडच्या मागे माझं शिवणाचं दुकान आहे. थंडीत लग्नसराईची कामं अंगावर असतात, त्यामुळे फोन खांद्यात धरून मी म्हटलं, "बोल पटकन." ती पटकन बोलली. एक मुलगा आहे. तिच्याच ऑफिसातला. आपल्यातलाच आहे, आडनाव वेगळं, गाव पाचाडच्या अंगाला, पण जन्म आणि शिक्षण डोंबिवलीचं. दोघांचं ठरलंय. "आणि आत्या, पप्पांना तू सांगायचंस."

"मी? तुला तोंड नाही?"

"आपल्याकडे असलं आत्याच सांगते ना."

हे खरं होतं. आमच्या घरात पोरींच्या मनातलं बापापर्यंत जायचं ते आत्याच्याच तोंडून. माझंही माझ्या आत्यानेच सांगितलं होतं. पण ती गोड बोलायची. मी बोलायला लागले की शेजारच्या दुकानातला माणूस भांडण बघायला बाहेर येतो.

बरं, सवड म्हणावी तर तीही नव्हती. पुढच्याच रविवारी पोलादपुरातले पाहुणे भाचीला बघायला येणार होते. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, त्यांना या म्हणून सांगून टाकलं होतं. एकदा माणसं घरात बसून पोहे खाऊन गेली की दादाच्या तोंडून नाही निघणं कठीण. तेव्हा जे काय सांगायचं ते या शनिवार-रविवारीच. भाची ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींना घेऊन वरच्या खोपीवर येणार होती, मडक्यातली पोपटी लावायचं निमित्त करून. त्यांच्यात तो मुलगाही असणार. पप्पांनी त्याला जरा बघावं, मग आत्याने दादाला बाजूला घेऊन सांगावं, असा बाईसाहेबांचा बेत. मी नवऱ्याला म्हटलं, चला माझ्याबरोबर. तर म्हणाले, मला थंडी बाधते. घरात भांडणाचा वास आला की यांना नेमकी थंडी बाधते.

खोपी म्हणजे दादाचं वेड. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. तळीयेला दरड कोसळली त्या पावसाळ्यापासून दादाला कुशीतल्या घरात झोप लागेना. मुंबईची नोकरी संपवून तो आणि वहिनी नुकतेच गावी आले होते. त्याने वाडीच्याही वर, सपाट माळावर, आमच्या वरकस जमिनीत दोन खोल्या बांधल्या. जांभ्याच्या भिंती, वर पत्रा, पुढे अंगण. लाईट नाही, फोनला रेंज नाही. जीप वाडीपर्यंत येते, पुढे चढून जायचं. भाची तिला केबिन म्हणते. दादा म्हणतो, "केबिन कसली गो, खोपटं हाय."

शनिवारी सकाळी मी चढून वर पोचले तेव्हा धाप लागली होती आणि जीवही थाऱ्यावर नव्हता. माळावर दंव पडलेलं, पायातल्या चपला भिजून गार. अंगणात सगळी आधीच आलेली. भाची, तिच्या दोन मैत्रिणी, आणि तो. तो म्हणजे उंच, चष्म्याचा, आणि डोक्यावर लोकरीची टोपी, तीही गोंडा असलेली. मला बघून धावत पुढे आला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि वाकून पाया पडला. मी मनात म्हटलं, झालं! एवढ्या घाईने कोण मैत्रिणीच्या आत्याच्या पाया पडतं? एका मिनिटात सगळ्यांना कळेल.

दादाने ते बघितलं की नाही, ठाऊक नाही. तो पत्र्यावरची पन्हळ सारखी करत होता. "आलीस?" एवढंच म्हणाला.

मी ठरवलं, चहा झाला की सांगायचं. चहा झाला. दादा उठला आणि म्हणाला, झऱ्यावर पाणी बघून येतो. मी म्हटलं, मी येते. तर म्हणाला, "तू कशाला? बस की, दमलीस." आणि गेला. परत आला तर सोबत तो मुलगा, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन, गोंड्याची टोपी घामाने चिकटलेली. मग मी ठरवलं, जेवायच्या आधी. जेवायच्या आधी दादा डुकरांनी उकरलेला बांध नीट करायला गेला, आणि मुलगा त्याच्या मागे दगड उचलायला. मी अंगणात उभी, कंबरेवर हात ठेवून. काय करावं सुचेना म्हणून सगळ्या गोधड्या बाहेर काढून झटकल्या आणि पुन्हा आत घड्या घातल्या. वहिनी भाकऱ्या थापताना हसली.

"वन्सं, गोधड्या सकाळीच झटकल्या मी."

"असू दे. पुन्हा झटकल्या."

भाची दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघायची आणि भुवया उडवायची. मी मान हलवायची, नाही अजून. एकदा ती मला खोपीच्या मागे ओढून घेऊन गेली. "आत्या, तू करतेयस काय?"

"तुझा बाप एका जागी उभा राहील तर करीन ना! सकाळपासून त्याच्या पायाला भिंगरी लागलीय."

"आज नाही झालं तर उद्या दुपारी आम्ही खाली उतरणार. मग संपलंच सगळं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी रागावून झाडाखाली जाऊन बसायची ती पोर, तिला रडताना मी क्वचितच पाहिलंय. मी म्हटलं, "सांगते. आज संध्याकाळी पोपटीच्या आधी सांगते. नाही सांगितलं तर आत्या म्हणू नकोस."

असं मोठ्या तोऱ्यात बोलून मी परत अंगणात आले आणि दादा शेळीच्या दाव्याची गाठ सोडवत बसला होता, तिथे त्याच्याजवळ बसले. "दादा, एक बोलायचंय."

"बोल."

"पोरीचं."

"पोरीच्या मैत्रिणींना पोपटीचा पाला, भांबुर्डा, कुठला तो दाखव आधी. नायतर घाणेरी आणतील खुडून." आणि उठला.

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगायचं तर मला जरा सुटल्यासारखंही वाटलं. दादाची मला अजून भीती वाटते. तो ओरडत नाही, हात उगारत नाही, कधीच नाही. पण एकदा नाही म्हणाला की ते नाही आयुष्यभर तसंच राहतं. मला त्याच्या तोंडून ते नाही ऐकायचं नव्हतं, एवढंच. म्हणून मीसुद्धा भांबुर्डा दाखवायला मुकाट्याने गेले.

पोपटी कशी लावतात ते मैत्रिणींना ठाऊक नव्हतं. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, मीठ, पुन्हा वर पाला ठासून भरायचा. मग मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती गवत, काटक्या रचून पेटवायचं. पाणी नाही, तेल नाही. दादा मडकं भरत होता आणि मैत्रिणी फोटो काढत होत्या. ऊन उतरलं होतं, वारा सुटला होता, आणि माझ्या हाताची बोटं गार पडत चालली होती. दादा म्हणाला, "पोरांनो, लाकडं आणा. वाळकी आणा, ओलं तोडू नका."

तो मुलगा लगेच उठला. सगळ्यांत मोठं काम आपण करायचं असं त्याने सकाळपासून ठरवलेलंच होतं. मैत्रिणी मूठमूठ काटक्या घेऊन आल्या, आणि हा पाठीमागून एक भलीमोठी वाळकी फांदी फरफटत घेऊन आला. तोंडभर हसू. फांदीला अजून वाळकी गोल बोंडं लटकलेली.

दादाने मान वर केली. "ठेव ते. ठेव खाली!"

मुलगा दचकला. हातातली फांदी टाकलीच त्याने.

"टाकू नको, ठेव." दादा उठला, फांदी उचलली, कुंपणाजवळ नेऊन नीट उभी करून ठेवली. "कळंब हाय तो. आमच्यात कळंब जाळीत नाय."

एक मैत्रीण म्हणाली, "का हो काका?"

आता दादाला हा विषय मिळाला म्हणजे झालं. त्याने बसून सगळं सांगितलं. कळंब, म्हणजे कदंब, आमचं देवक. लग्नाच्या आदल्या दिवशी भावकीतलं एक जोडपं कुऱ्हाड घेऊन जातं, नवऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड, बायकोच्या हातात पूजेचं ताट, दोघांच्या पदराला गाठ. कळंबाची डहाळी आणून देवघरात बसवायची, मग लग्न. ती बसल्याशिवाय मांडवात काही चालत नाही. आणि ज्या झाडाला देव मानलं त्याला चुलीत कसं घालायचं? वाडीतल्या किती तरी लग्नांत ती कुऱ्हाड दादाच्याच खांद्यावर असते. मुंबईत होता तेव्हासुद्धा रजा टाकून यायचा त्यासाठी. तेवढा एक मान त्याला मनापासून आवडतो, आणि तो मान दुसऱ्याला द्यायची भावकीतल्या कुणाची छाती नाही. माझं लग्न होऊन देवक बदललं, पण माझाही हात अजून कळंबाच्या सरपणाला जात नाही.

सांगून झाल्यावर दादाने हात झटकले. मुलाकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "तुमचं देवक काय रे?"

बाहेरच्या माणसाला हे सांगून कळणार नाही. आमच्याकडे देवक कुणी गप्पा मारायला म्हणून विचारत नाही. गाव विचारतात, आडनाव विचारतात, पगारसुद्धा विचारतात. देवक विचारलं म्हणजे एकच अर्थ. दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर पोरगा-पोरगी भाऊबहीण, लग्नाची गोष्ट तिथेच बंद. वेगळं निघालं तर पुढे बोलायचं. म्हणजे दादाला ठाऊक होतं! आणि नुसतं ठाऊक नव्हतं, तो पुढचं पाऊल टाकत होता. मी वहिनीकडे बघितलं. ती खाली मान घालून शेंगा निवडत होती, पण तिचे हात थांबले होते. भाची शेंगांची टोपली धरून उभी.

आणि तो डोंबिवलीचा शहाणा, त्याला यातलं ओ की ठो ठाऊक नाही. लाकूड आणून चूक केली, आता ती भरून काढू, सासऱ्याला खूश करू, एवढंच त्याच्या डोक्यात. तो हसून म्हणाला, "आमचंपण कळंबच, काका!"

भाचीच्या हातातली टोपली खाली पडली. शेंगा अंगणभर.

दादाने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "असं होय? मग तू घरचाच. हिचा भाऊच झालास." आणि काडी ओढून पोपटी पेटवली.

मुलगा अजून हसतच होता. आपण जिंकलो असंच वाटत होतं त्याला. मला असं वाटलं की ती गोंड्याची टोपी ओढून त्याच्या तोंडात कोंबावी.

पोपटी चांगली झाली असणार. मैत्रिणी बोटं चाटत होत्या. मला चव लागली नाही. भाचीने बटाटा सोलला आणि तसाच ठेवला. तोपर्यंत तिने मुलाला खोपीमागे नेऊन सगळं सांगितलं असावं, कारण तो परत आला तो चेहरा पाडूनच, आणि त्यानंतर एकदाही काका म्हणाला नाही. मी भांडी घासायला त्याला हाताला धरून नेलं.

"तुझं देवक खरंच कळंब आहे?"

"माहीत नाही, आत्या."

"माहीत नाही? मग बोललास कशाला?"

"मला वाटलं सारखं असलं की बरं. म्हणजे... जुळतं."

"अरे देवा! जुळायला ती काय बांगडी आहे?" मी राखेने मडकं इतकं घासलं की वहिनी म्हणाली, तळ राहू द्या वन्सं. मग तिनेच हळूच सांगितलं. दादाला तिने दिवाळीतच सांगितलं होतं. तो तेव्हा हो म्हणाला नव्हता की नाही म्हणाला नव्हता. फक्त म्हणाला होता, पोरगा बघू दे मला, डोंगरावर घेऊन या त्याला. पोलादपूरवाल्यांना या म्हटलं होतं ते हा पसंत नाही पडला तर हाताशी असावेत म्हणून. आज सकाळपासून तो मुलाला पाणी वाहायला लावत होता, दगड उचलायला लावत होता, ते त्यासाठीच.

"मग आवडला का?"

"आवडला म्हणून तर देवक विचारलं ना."

"आणि मला दिवसभर नाचवलंत ते?"

"ह्यांनी सांगितलं, तिला बोलू देऊ नको. ती बोलली की बोलणं वाढतं."

घ्या! एवढा घोर लावून घेतला तो मी, आणि माझ्याच तोंडाची भीती. मला रागही आला आणि रडूही आलं. पण त्याहून मोठी गोष्ट समोर होती. पोराला त्याचं देवकच ठाऊक नाही, म्हणजे ते दुसरंच काहीतरी असू शकतं. वड असेल, उंबर असेल, मोराचं पीस असेल. देवकं काय थोडी आहेत? त्याच्या आईला विचारायला हवं होतं. पण रेंज वरच्या कातळावर, आणि काळोखात तिकडे कुणी जात नाही. सकाळची वाट बघणं आलं. त्या रात्री कूस बदलून बदलून माझी दोन्ही अंगं दुखली.

उजाडल्याबरोबर मी त्या मुलाला हलवून उठवलं. "चल, टोपी घाल." माळावर धुकं एवढं की पुढचा पाय दिसेना. तो मागून येत होता, दोनदा घसरला. भाचीला मी मुद्दाम नेलं नाही. कातळावर चढलो, धुक्याच्या वर आलो, आणि ऊन लागलं. खाली सगळी दरी पांढरी, फक्त डोंगरांचे माथे वर निघालेले. एरवी मी बघत बसले असते. आता म्हटलं, "लाव फोन. आवाज मोठा ठेव."

त्याच्या आईने फोन घेतला. मागे कुकरची शिट्टी.

"आई, आपलं देवक काय?"

पलीकडून एकदम आनंदाने फुललेला आवाज आला. "का रे? त्यांनी विचारलं? अहो, ऐकलं का, त्यांनी देवक विचारलं!" ती नवऱ्याला हाक मारत होती. त्या माउलीलाही अर्थ बरोबर कळला होता. "कळंब रे, आपलं कळंब. त्यांचं काय आहे?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. चष्म्यावर धुक्याचं पाणी.

"नक्की ना, आई?"

"नक्की म्हणजे काय? माझ्या लग्नात मी बघितलंय. तुझ्या काकाच्याही लग्नात. त्यांचं काय, सांग ना!"

"नंतर करतो, आई," तो म्हणाला आणि फोन बंद केला.

आम्ही दोघं तिथेच कातळावर बसलो. न कळता ठोकून दिलेलं खोटं शब्दन्शब्द खरं निघालं होतं. शेवटी मी म्हटलं, "वड सांगू. सांगू की काल घाबरलास, आज आईला विचारलंस, वड निघालं. कोण तपासायला जातंय?"

"आत्या, तुम्हाला जमेल?"

"मला जमेल की नाही हे तू नको बघू."

"काल एकदा न विचारता बोललो. आता विचारून, कळून, पुन्हा खोटं बोलू? त्यांच्या तोंडावर?"

"मग जा! जा डोंबिवलीला, आणि बस तुझं खरं घेऊन!" मी ओरडले. मग त्याच्याकडे बघितलं. टोपी हातात घेऊन तो खाली बघत होता, तिच्यातली लोकर उचकटत होता. चांगला मुलगा होता हो. दादाने दिवसभरात जे बघितलं ते मला त्या घटकेला दिसलं. आणि त्यामुळे तर जास्तच जीव जळला. एका झाडासाठी! ज्या झाडाची सावलीसुद्धा यांच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगीवर कधी पडली नाही, त्या झाडासाठी माझी पोर रडणार, आणि पुढच्या रविवारी पोलादपूरच्या पाहुण्यांसमोर बशी घेऊन उभी राहणार.

उतरताना मी प्रत्येक वळणावर मन बदललं. वड सांगायचं. नको, खरं सांगायचं, दादाला फसवायचं नाही. मग पुन्हा भाचीचं तोंड आठवायचं आणि वडाची फांदी डोळ्यांपुढे यायची. खोपी दिसायला लागली तेव्हाही काही ठरलं नव्हतं. मी मुलाला म्हटलं, तू झऱ्यावर जा, पाणी आण. तो गेला.

दादा खोपीभोवतीचं वाळलं गवत कापत होता. थंडी संपायच्या आत ते कापावंच लागतं, वणवा आला तर घरापर्यंत पोचू नये म्हणून. हातात कोयता, अंगात जुनं स्वेटर. मला येताना बघून तो उभा राहिला.

"दादा."

"थांब." त्याने हात वर केला. "तू वर कातळावर गेलीस ते मला कळलं. त्याच्या आईला विचारलंस?"

"हो."

"मग आता मला काय सांगू नको."

मी तोंड उघडलेलंच होतं. तसंच राहिलं.

"तू सांगितलंस तर मला मानावं लागंल," दादा म्हणाला. "म्हणून सांगू नको. मी रात्रभर जागाच हाय. पोरगा काल घाबरून काहीतरी बोलला, त्याला स्वतःचं ठाऊक नाय. एवढंच मला माहीत हाय, आणि एवढंच माहीत राहू दे. त्यांच्या घरी पंचपालवी असंल, पाच झाडांच्या डहाळ्या. असती बऱ्याच जणांची."

"दादा, पण..."

"बाय, गप. एकदा तरी गप." त्याचा आवाज फाटला. मी त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो खाली वाकला, मूठभर गवत कापलं, आणि वर न बघता म्हणाला, "त्या पोलादपूरवाल्यांना तूच फोन कर. सांग, पोरीचं जमलंय. आणि तिला सांग, आता रडू नको म्हणावं, मैत्रिणी बघतात."

मी रडत होतेच. म्हटलं, "सांगते."

"आणखी एक. लग्नात कुऱ्हाड मी घेणार नाय. धाकट्या चुलतभावाला सांगा. मी त्या झाडाम्होरं जाऊन उभा राहणार नाय."

मी काही तरी बोलायला गेले, आणि त्याने कोयता चालवायला सुरुवात केली. मी आत गेले, वहिनीला मिठी मारली, भाचीला सांगितलं. ती धावत बाहेर गेली आणि बापाला पाठीमागून घट्ट धरून उभी राहिली. तो गवत हातात घेऊन तसाच उभा होता.

लग्न वैशाखात झालं, वाडीतच. त्या सगळ्या महिन्यांत दादाने मला एकदाही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दुसऱ्या बाजूच्या माणसांनी पंचपालवीच बसवली. मुलाच्या आईने ते कसं निभावलं, काय सांगून, ते मला माहीत नाही. मांडवात भेटली तेव्हा तिने माझा हात नुसता दाबून धरला. आमच्याकडून धाकटा चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊन निघाला, बायकोच्या पदराला गाठ बांधून, मागे वाजंत्री. सगळी वाडी एकमेकांकडे बघत होती. स्वतःच्या पोरीच्या लग्नात दादा मांडवाच्या खांबाला टेकून उभा! कुणीतरी विचारलंच, "दादा, तू कसा नाय गेलास?"

"गुडघे धरलेत रे," दादा म्हणाला. "चालवत नाय."

त्याच आठवड्यात दोनदा तो पाठीवर छपराचे पत्रे घेऊन खोपीपर्यंत चढून गेला होता.